जुनी जीप : चार चाकं, एक पीळ आणि थोडं गणित

आपल्याकडे ‘जीप’ हा शब्द फार सैल वापरला जातो. बाजाराच्या दिवशी माणसं कोंबून नेणारी वडापची गाडी जीप, तहसील कचेरीच्या आवारात गंजत उभी असलेली ती जीप, आणि प्रचारफेरीत उमेदवार जिच्यात उभा राहून हात जोडतो तीही जीपच. यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे ज्या गाडीत ती चारही चाकांना देता येते. ओळखायची खूण सोपी आहे. बॉनेटकडे बघू नका, खाली वाका. मागच्या ॲक्सलवर छोट्या कलिंगडाएवढा लोखंडी फुगवटा दिसतो, तो डिफरन्शियल. तसाच फुगवटा पुढच्या ॲक्सलवरही असेल आणि त्याला फिरता शाफ्ट जोडलेला असेल, तर ती खरी फोर-बाय-फोर. विकणारा काय सांगतो त्यापेक्षा हा फुगवटा जास्त खरं बोलतो.

या गाडीचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी चालणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीने केला, पण मोठ्या संख्येने गाड्या बनवल्या त्या विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. इकडे १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलीजच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली. पुढे प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, एमएम ५४० सारखी मॉडेलं आली, पण खालचा सांगाडा, पाटे आणि ॲक्सल यांची मूळ कल्पना कित्येक दशकं फारशी बदलली नाही. आज जुनी जीप दुरुस्त करणं शक्य आहे त्याचं मोठं कारण हेच. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचे भाग मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात हिंडून जमवता येतात. त्याच वयाच्या एखाद्या परदेशी मोटारीचं तसं नाही.

आता मुख्य विषय. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे नेमकं काय होतं?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच कडक दांड्यावर बसवली तर एकाला घसरावंच लागेल. म्हणून मधे डिफरन्शियल. ते ताकद दोन्हीकडे देतं, पण चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. इथपर्यंत पुस्तकात असतं. पुढचं मात्र सहसा नसतं : वळताना पुढचा ॲक्सल मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातो.

दहावीत पायथागोरसचं प्रमेय शिकताना ‘याचा उपयोग काय सर?’ असं विचारणाऱ्यांनी वही-पेन घ्या. जुन्या सीजे-३बी जीपच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर अंतर असतं. समजा मागच्या ॲक्सलचा मध्यबिंदू ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय. मग पुढच्या ॲक्सलच्या मध्यबिंदूची त्रिज्या म्हणजे ६ आणि २.०३ या बाजूंचा कर्ण : ३६ अधिक ४.१२ यांचं वर्गमूळ, साधारण ६.३३ मीटर. पूर्ण एका फेरीत मागचा ॲक्सल ३७.७ मीटर जातो, पुढचा ३९.८ मीटर. फरक २.१ मीटर. जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास आहे. म्हणजे दर फेरीला पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जवळजवळ एक पूर्ण फेरा जास्त हवा असतो.

आणि या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट यांच्यामध्ये डिफरन्शियल नाही! फोर-व्हीलचा लिव्हर टाकला की दोन्ही शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट जोडले जातात. ॲक्सलमधलं दातांचं गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला सव्वापाचपेक्षा थोडं जास्त वेळा फिरावं लागतं. तेव्हा एका फेरीत पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा पाच वेळा जास्त फिरायचं आहे, आणि फिरता येत नाही. हा फरक जातो कुठे? चिखलात, वाळूत, ओल्या गवतात टायर थोडे घसरतात आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतात. मग शाफ्टमध्ये पीळ बसतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लागल्यासारखी अडते, लिव्हर बाहेर निघत नाही, आणि तसंच दामटलं तर क्रॉस किंवा गिअरचा दात तुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथला पीळ मात्र सरळ रेषेत थोडं मागे घेतलं की बहुतेक वेळा सुटतो आणि लिव्हर आपोआप मोकळा होतो. हातोडी मारायची गरज नसते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, किंवा मापच वेगळं, असं असेल तर सरळ रस्त्यावरही पीळ बसत राहतो. फोर-बाय-फोरला चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. ही चैन नाही, त्या यंत्राची अट आहे.

आता लो गिअर. सीजे-३बी च्या मूळ तीन-गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.८ आहे, ट्रान्सफर केसच्या लोचं २.४६ आणि ॲक्सलचं ५.३८. तिघांचा गुणाकार साधारण ३७. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. मिनिटाला हजार फेरे घेणाऱ्या इंजिनावर जीप ताशी साडेतीन-चार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने जाते. आणि इंजिनाचा पीळबल तितक्याच पटीने वाढतो. इतका, की घर्षणातलं नुकसान सोडलं तर चाकांवरचं ओढबल गाडीच्या वजनाहून जास्त भरतं. म्हणून लोमध्ये इंजिन कमी पडत नाही, जमिनीवरची पकड कमी पडते. आणि म्हणूनच मूळ रचनेत पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडत नाही. तेवढी ताकद एकट्या मागच्या ॲक्सलवर आली तर तो मोडेल. काही जण गॅरेजमध्ये ही अडवणूक काढून घेतात, ‘लिव्हर सोपा पडतो’ म्हणून. माझ्या मते हा शुद्ध अविचार आहे.

एवढं असूनही फोर-बाय-फोर अडकते. कारण प्रत्येक ॲक्सलमधलं साधं डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेने जाऊ देतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खड्ड्यावर अधांतरी आलं की ती दोन गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म. तिथे जोरात ॲक्सिलरेटर दाबून फक्त चिखल उडतो. दगड घालून अधांतरी चाकाखाली आधार द्यायचा, हा जुना उपाय अजूनही सगळ्यात चांगला.

डिफरन्शियलचा हाच गुण एका ठिकाणी जीवावर बेतू शकतो, म्हणून जरा थांबून वाचा. मूळ विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. हँडब्रेक ओढला की शाफ्ट थांबतो. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की काय होईल? शाफ्ट जागेवर, पण डिफरन्शियल दोन चाकांना एकमेकांच्या उलट फिरू देतं. उचललेलं चाक हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गडगडत पुढे जातं. हँडब्रेक लावलेली जीप जॅकवरून पडते ती अशी. मागचा शाफ्ट खोलला तर हँडब्रेक उरतच नाही. तेव्हा जीपखाली जायच्या आधी बाकीच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि जॅकच्या भरवशावर न राहता सांगाड्याखाली भक्कम स्टँड. पायाच्या ब्रेकचीही गोष्ट नाजूकच : जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच सर्किट असतं. एका चाकाचं सील गळलं तर चारही चाकांचा ब्रेक जातो. जुनी जीप घरी आणली की पहिला खर्च रंगावर किंवा टायरवर नाही, रबरी होज, सील आणि ब्रेक ऑइलवर.

घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात. इंजिन हा खरं तर त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ते उतरवता येतं, बोअर करता येतं, पिस्टन मिळतात. अवघड आहे तो सांगाडा. चॅसीच्या पोकळीत वर्षानुवर्षं चिखल साचतो, ओल धरतो आणि लोखंड आतून खातो. कोकणातल्या गाडीला तर चार महिन्यांचा पाऊस आणि वर खारी हवा. लहान हातोडीने चॅसीवर ठोकत जा, विशेषतः मागच्या शॅकलजवळ आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर. चांगलं लोखंड टणकन वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. ताजा काळा रंग जाड थापलेला असेल तिथे दोनदा ठोका.

सांगाड्याइतकंच महत्त्व कागदांना. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. आरसी बुकातला चॅसी नंबर आणि लोखंडावर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की नंबर उमटतो. उमटत नसेल, किंवा आजूबाजूला वेल्डिंग दिसत असेल, तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरा. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि तो आरसीवर चढलेला असावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरोधात जाणारे बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली, पण ती गाडी रोज वापरता येत नाही. म्हणजे रुंद टायर, उंच पाटे आणि लोखंडी बंपर लावून सजवलेल्या गाडीची या सोयीत अडचण होते, आणि जिला कोणी हात लावला नाही अशी मळकी जीप पुढे जाते. मला यात गंमत वाटते.

दुरुस्तीतली एक व्याधी प्रत्येक जीपवाल्याच्या वाट्याला येते. ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाला पुढचं एखादं चाक खड्ड्यात आदळतं आणि स्टिअरिंग थडथडायला लागतं, हातात राहत नाही. बरेच जण लगेच स्टिअरिंग डँपर विकत आणतात. त्याने थडथड झाकली जाते, जात नाही. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन. किंगपिनखाली पातळ शिम असतात, बेअरिंग ठीक असेल तर त्यांची संख्या कमी-जास्त करून घट्टपणा आणता येतो. टाय रॉडचे सांधेही त्याच वेळी पाहावेत.

पाने विकत घेतानाही जीप आपला इतिहास सांगते. विलीजच्या मूळ नट-बोल्टांची मापं इंचांत, प्यूजो इंजिनाची मिलिमीटरमध्ये. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाचा पाना बसत नाही, पंधराचा ढिला बसतो आणि गंजलेला नट गोल करून टाकतो. एकाच गाडीला दोन संच लागतात.

पाण्यातून गाडी काढल्यावरची एक तपासणी विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. चालून तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, दाब कमी होतो आणि ब्रीदर किंवा झिजल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, खालचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. पाणी तेलाहून जड असतं, त्यामुळे गेलं असेल तर आधी तेच थेंब-थेंब बाहेर येईल. पाणी संपून स्वच्छ तेल आलं की प्लग आवळा. तेल दुधाळ दिसलं तर मात्र सगळं नव्वद नंबरचं ऑइल काढून नवं भरायचं. ट्रान्सफर केसमध्येही बघायचं, आणि गिअर बॉक्समध्येही, कारण या दोघांच्या मधलं सील झिजलं की एकातलं तेल दुसऱ्यात जातं : एक काठोकाठ भरलेला आणि दुसरा कोरडा.