अहिल्यानगर जिल्ह्यातील सहकारी साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि लोकशाही नेतृत्व

सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्ष हा कारखान्याचा मालक नसून ऊस उत्पादक सभासदांनी निवडलेल्या संचालक मंडळाचा प्रमुख असतो. महाराष्ट्रातील सहकारी साखर उद्योगाचा पाया अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात घातला गेला. त्यामुळे हे पद वेगवेगळ्या स्वभावांच्या आणि पार्श्वभूमीच्या व्यक्तींनी कसे सांभाळले, याचा अभ्यास या जिल्ह्यात चांगल्या प्रकारे करता येतो. प्रवरानगर येथील कारखान्याचे पहिले दोन अध्यक्ष, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि शेतकरी नेते विठ्ठलराव विखे पाटील, ही त्यांतील सर्वांत ठळक उदाहरणे होत.

पार्श्वभूमी

गोदावरी व प्रवरा नद्यांच्या कालव्यांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस बागायत वाढली. प्रवरा कालव्यांना पाणी पुरविणारे भंडारदरा धरण इ.स. १९२६ मध्ये पूर्ण झाले. बेलापूर परिसरात खाजगी साखर कारखाने उभे राहिले. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकविण्याची पद्धत अवलंबिली होती. पाणी गावाचे, जमीन गावाची, परंतु साखरेचा नफा मात्र बाहेरच्या भागधारकांचा, अशी ही स्थिती होती. इ.स. १९४५ मध्ये बेलापूर येथे गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली बागायतदारांची परिषद भरली आणि शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्याचा विचार तेथे बळावला. त्यातून लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. त्याचा पहिला गळीत हंगाम इ.स. १९५०-५१ मध्ये पार पडला.

अध्यक्षपदाचे स्वरूप

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाजवळ कितीही भाग असले तरी त्याला एकच मत असते. खाजगी कंपनीत भागांच्या प्रमाणात मत मिळते. सहकारात ते माणसाला मिळते. सभासद संचालक निवडतात आणि संचालक आपल्यातून अध्यक्ष निवडतात. संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. वार्षिक सभेत अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षण आणि नफ्याची वाटणी हे विषय मांडले जातात. उसाचा दर, त्यातून होणारी ठेवींची कपात आणि तोडणीचा क्रम हे प्रत्यक्ष जिव्हाळ्याचे प्रश्नही याच वेळी उपस्थित होतात.

कायदा सभा बोलावण्याची सक्ती करू शकतो. सभेत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळते की आवाजी मतदानाने विषयपत्रिका भराभर मंजूर होते, हे मात्र बव्हंशी अध्यक्षाच्या वृत्तीवर अवलंबून असते.

धनंजयराव गाडगीळ

गाडगीळ (१९०१–१९७१) हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची त्यांनी पाहणी केली होती व तिचा अहवाल इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतः ऊस उत्पादक नव्हते आणि लोणीचे रहिवासीही नव्हते. तरीही शेतकऱ्यांनी कारखान्याच्या अध्यक्षपदासाठी त्यांची निवड केली आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी हे पद सांभाळले.

त्यांच्या नेतृत्वाचे बळ ज्ञान आणि तटस्थता यांत होते. परिसरात त्यांची शेती नव्हती, भाऊबंदकी नव्हती आणि कोणत्याही गावकीत त्यांचा पक्ष नव्हता. त्यामुळे उसाचा दर किंवा तोडणीचा क्रम ठरविताना अध्यक्ष आपल्या माणसांना झुकते माप देतो, अशी शंका घेण्यास जागा नव्हती. सरकार आणि वित्तसंस्था यांच्याशी व्यवहार करताना त्यांची प्रतिष्ठा नव्या संस्थेच्या उपयोगी पडली. गाडगीळ यांच्या दृष्टीने सहकार हा केवळ धंद्याचा प्रकार नसून आर्थिक लोकशाहीचा पाया होता. संस्था स्थिरावल्यावर अध्यक्षपद स्थानिक शेतकऱ्याकडे गेले. बाहेरून आलेल्या नेत्याने संस्था कायमची आपल्याभोवती बांधून ठेवली नाही, ही बाब लोकशाहीच्या दृष्टीने महत्त्वाची मानावी लागते.

विठ्ठलराव विखे पाटील

विखे पाटील हे लोणी बुद्रुकचे अल्पशिक्षित शेतकरी होते. सावकारीच्या पाशातून शेतकऱ्यांना सोडविण्यासाठी त्यांनी इ.स. १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी सुरू केली. कारखान्याचे भागभांडवल जमविताना ते गावोगाव फिरले. शेतकऱ्यांचा कारखाना ही कल्पना त्या काळी धाडसाची होती आणि पैसे बुडण्याची भीती खरी होती. ज्याच्या शब्दावर विसंबून लोकांनी भाग घेतले तो माणूस त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. गाडगीळ यांच्या काळात विखे पाटील उपाध्यक्ष होते व त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले. इ.स. १९६१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी प्रवरानगरला भेट दिली. त्याच वर्षी विखे पाटील यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

त्यांच्या नेतृत्वाचा आधार विश्वास आणि सततचा संपर्क हा होता. सभासदाला आपली अडचण सांगण्यासाठी वार्षिक सभेची वाट पाहावी लागत नव्हती. कारखान्याच्या उत्पन्नातून परिसराचा विकास साधावा, असा त्यांचा आग्रह होता. इ.स. १९६४ मध्ये स्थापन झालेली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था हे त्याचे उदाहरण होय.

दोन पद्धतींची तुलना

दोघांमधील भेद गुणवत्तेचा नसून अधिकाराच्या उगमाचा आहे. गाडगीळ यांचा अधिकार हिशेब आणि नियम यांतून आला, तर विखे पाटील यांचा ओळख आणि अनुभव यांतून. पहिल्या पद्धतीत तज्ज्ञ आणि सभासद यांच्यात अंतर पडण्याचा संभव असतो. ताळेबंद ज्याला वाचता येत नाही तो मान डोलावून मोकळा होतो. दुसऱ्या पद्धतीत संस्थेवरचा विश्वास आणि व्यक्तीवरचा विश्वास यांतील रेषा पुसट होते. प्रवरानगरच्या पहिल्या दशकात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या नात्याने दोन्ही पद्धती एकत्र नांदल्या आणि एकीची उणीव दुसरीने भरून काढली.

कोपरगावचे उदाहरण

कोपरगाव तालुक्यात लोकशाहीचा तिसरा प्रकार दिसतो, तो स्पर्धेचा. समाजशास्त्रज्ञ बा. श्रा. बाविस्कर यांनी कोपरगाव सहकारी साखर कारखान्याचा प्रत्यक्ष राहून अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ इ.स. १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्याची निवडणूक, तालुक्यातील गट आणि राजकीय पक्ष एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे त्यांनी दाखविले. गटबाजी हा सामान्यतः दोष समजला जातो. परंतु विरोधी गट प्रबळ असेल तेव्हा हिशेबाची छाननी होते आणि लहान सभासदाच्या मतालाही किंमत येते.

यामागे एक आर्थिक कारणही आहे. कारखाना पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी केवळ मोठ्या बागायतदारांचा ऊस पुरत नाही. लहान शेतकऱ्यांचाही लागतो. लहान-मोठ्या सर्वांना टनामागे सारखाच दर मिळत असल्याने चांगल्या दरात सर्वांचे हित एक होते.

मर्यादा

या लोकशाहीची चौकट सभासदत्वापुरती आहे. कारखान्याचा हंगाम ज्यांच्या श्रमावर चालतो ते ऊसतोडणी कामगार सभासद नसतात व त्यांना मत नसते. जिल्ह्याच्या पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून हे कामगार येतात. जमीन बहुधा पुरुषांच्या नावे असल्याने स्त्री सभासदांचे प्रमाणही कमी राहिले.

दुसरी मर्यादा नेतृत्वाच्या वारशाची आहे. प्रवरानगर, संगमनेर, कोपरगाव अशा अनेक ठिकाणी संस्थापक पिढीनंतर नेतृत्व त्याच कुटुंबांकडे राहिले. हे नेतृत्व निवडणुकीतूनच येते आणि त्यामुळे धोरणात सातत्य राहते, असे समर्थक म्हणतात. निवडणूक वारंवार बिनविरोध होऊ लागली की सभासदाचा प्रश्न विचारण्याचा सराव सुटतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

कायद्यातील बदल

सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांची स्वायत्तता व लोकशाही नियंत्रण यांना चालना देणे हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले. त्यानंतर महाराष्ट्राने इ.स. २०१३ मध्ये आपल्या कायद्यात बदल केले. संचालकांची संख्या जास्तीत जास्त एकवीस आणि मुदत पाच वर्षे ठरली, स्त्रियांसाठी दोन जागा राखीव झाल्या आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. या तरतुदींमुळे निवडणूक वेळेवर होण्यास मदत होते. तथापि निवडून आलेल्या अध्यक्षाला सभेत उभे करून जाब विचारण्याचे काम सभासदांकडेच राहते. लोणीच्या पहिल्या भागधारकांनी भीती असतानाही पैसे गुंतविले, कारण कारखाना आपला असेल आणि त्याच्या कारभाराविषयी विचारता येईल, अशी त्यांना खात्री देण्यात आली होती. पुढील प्रत्येक अध्यक्षाच्या कारकिर्दीचे मोजमाप याच निकषावर करता येते.