कर्णाला चेहरा हवाच का?

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या अवतीभवती ‘मृत्युंजय’ वाचलेला माणूस शोधावा लागत नाही. तिचं मुखपृष्ठ आठवणारा मात्र शोधावा लागेल. वाचनालयातली कादंबरी दहा घरं फिरली की शिवण सुटते आणि ती बाइंडिंगला जाते. परत येते ती जाड पुठ्ठ्यात, पाठीवर दाखल क्रमांक घेऊन. चित्र गेलेलं असतं. दिवाळी अंकांत मुखपृष्ठांवर लिहिणारे आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

शिवाजी सावंतांची कर्णावरची ही कादंबरी कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने 1967 साली काढली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही त्याच वर्षीचा. सिद्धेश्वरचं धरणसुद्धा त्याच दशकात उभं राहिलं. मुखपृष्ठ केलं दीनानाथ दलालांनी. मडगावात 1916 साली जन्मलेले दलाल तेव्हा मराठी पुस्तकांचा जणू चेहराच होते. ‘दीपावली’ हा त्यांचा स्वतःचा अंक 1945 पासून निघत होता. ब्लॉकवर छपाई व्हायची, रंग मोजून वापरावे लागायचे, पुस्तकाचं नाव हाताने रेखाटलं जायचं. त्या मर्यादेतही दलालांची माणसं ठसठशीत, डोळ्यांत भरणारी. पुराणातला नायक दिसायला कसा असावा, हे कित्येक वाचकांच्या मनात त्यांच्याच कुंचल्याने ठरवलं.

माझी तक्रार दलालांशी नाही, त्यांच्यामागून आलेल्या सवयीशी आहे. ऑफसेट आलं, पुढे संगणक आला, रंगांना तोटा उरला नाही. तरी पौराणिक-ऐतिहासिक कादंबरी म्हटली की किरीट, धनुष्य, मागे सूर्य, आणि नायक थेट आपल्याकडे बघणार. अक्षरं तेवढी हातातून सुटून फॉन्टमध्ये गेली. कमल शेडगे किंवा र. कृ. जोशी यांनी अक्षरालाच चित्र मानलं, त्या महाराष्ट्रात हे व्हावं याचा रागच येतो.

काफ्काने 1915 मध्ये प्रकाशकाला बजावलं होतं: ‘मेटामॉर्फोसिस’च्या मुखपृष्ठावर कथेतला किडा काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका. मुखपृष्ठावर अखेर एक माणूस आणि अर्धवट उघडं दार आलं. ‘मृत्युंजय’ला हा नियम जास्तच लागू पडतो. तिथे कर्ण एकटा बोलत नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्णही बोलतो. सहा जणांचे सहा कर्ण असताना मुखपृष्ठावर सातवा कशाला?

मला विचाराल तर माणूस काढूच नये. पाणी काढावं. बाळ कर्णाला घालून अश्वनदीत सोडलेली पेटी चर्मण्वती, यमुना, गंगा असं करत चंपानगरीला पोहोचली. येलदरी धरणातून सुटलेलं पूर्णेचं पाणी सिद्धेश्वरला अडतं आणि तिथून कालव्याला लागतं. इथल्या वाचकाला नदीचा तो प्रवास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. वरच्या कोपऱ्यात लहानशी पेटी, बाकी सगळं पाणी, सूर्य फक्त पाण्यावर पडलेल्या उजेडापुरता. विक्रेते कुरकुरतील, नायक कुठे आहे म्हणून. कुरकुरू देत.

आणि चित्र मलपृष्ठापर्यंत न्यावं, पाठीवरूनच, मधे न तोडता. बांधणाऱ्याने पुढचं पान फाडलं तरी मागचं कापून नव्या पुठ्ठ्यावर डकवता येईल. काही वाचनालयं अजूनही खळ लावून तेवढं करतात. प्रकाशकाने प्रत्येक प्रतीत मुखपृष्ठाचा एक सुटा कागद घालून दिला, तर कातरही लागणार नाही.