धुराचा हिशेब ठेवणारा इंजिनियर

साखर कारखान्याचे धुराडे आम्हां मॉरिशसवासीयांच्या परिचयाचे आहे. उसाची चिपाडे जाळून वाफ करतात, वाफेवर गिरणी चालते आणि वीजही मिळते. धूर पुढे कोठे जातो, हे मात्र आम्ही सहसा विचारीत नाही. इंग्लंडमधील एका वाफेच्या इंजिनियराने ते विचारले. त्यांचे नाव गाय कॅलेंडर.

१८९८ साली जन्मलेले कॅलेंडर हवामानशास्त्रज्ञ नव्हते. वाफेचे गुणधर्म मोजणे हे त्यांचे काम. फावल्या वेळात त्यांनी जगातील सुमारे १५० हवामान केंद्रांच्या नोंदी जमविल्या आणि हाताने आकडेमोड केली. १९३८ साली त्यांनी निबंध मांडला : कोळसा व तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठत आहे आणि पृथ्वी तापत आहे. तज्ज्ञांना ते फारसे पटले नाही. ही ऊब हितकारक ठरेल असे कॅलेंडर यांना वाटले. तेथे ते चुकले. हिशेब मात्र खरा ठरला. १९५८ साली हवाई बेटावर दहा लाख भागांत ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२० च्या वर आहे.

चिपाडांतून सुटलेला कार्बन पुढचा ऊस परत घेतो. कोळशाचा तसा परत जात नाही. आणि हंगाम संपला की आमच्याकडील काही बॉयलरांत कोळसाच जळत आला आहे.

आमची मुले इंजिनियर होण्यासाठी परदेशी जातात. त्यांना आम्ही एवढेच सांगू : यंत्र चालवायला शिका, पण धुराचा हिशेबही ठेवा. समुद्र आमच्या दाराशी आहे.