ग्राहक होऊन जाताना

दुकानात ग्राहक म्हणून जायचं, विक्रेता काय बोलतो, कसा वागतो ते अंगावरच्या छोट्या कॅमेऱ्यात टिपायचं आणि ते फुटेज एजन्सीकडे पाठवायचं, या कामाचे पैसे मिळतात. याचं नाव व्हिडिओ मिस्ट्री शॉपिंग. आम्ही करणारे नुसतं ‘ऑडिट’ म्हणतो. मी मालेगाव कॅम्पात राहते आणि घर सांभाळून हे काम करते. ओळखीच्या मुली, शेजारच्या वहिनी विचारतात, “ताई, आम्हाला जमेल का?” जमेल. पण कॅमेरा घेण्याआधी हे काम नेमकं काय आहे ते समजून घ्यायला हवं.

काम देते ती कंपनीच. मोटारींची, मोबाइलची, दागिन्यांची किंवा हॉटेलांची साखळी चालवणाऱ्या कंपन्यांना मुंबईत बसून धुळ्याच्या शोरूममध्ये काय चाललंय ते दिसत नाही. मग त्या एखाद्या एजन्सीला सांगतात आणि एजन्सी आमच्यासारख्यांना पाठवते. अमेरिकेत १९४०च्या दशकात नोकर गल्ल्यात हात घालतात का, हे बघायला ही पद्धत रुजली. सेवेची पारख नंतर आली. कॅमेऱ्याचा वापर तिकडे घरं आणि मोटारी विकणाऱ्यांकडे जास्त होतो, कारण तिथे सगळा खेळ विक्रेत्याच्या बोलण्यावर असतो आणि तेच फुटेज पुढे त्याच्या प्रशिक्षणात दाखवतात. आपल्याकडे अजून बहुतेक कामं लेखी अहवालाची असतात. सुरुवात तिथूनच करा.

बेअर इंटरनॅशनल, फ्लोअरवॉक, ऑनियन इनसाइट्स अशा एजन्सी भारतात काम करतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. पुढे मानधनासाठी पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो, ओटीपी कधीच लागत नाही. कोणी ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणालं, किंवा टेलिग्रामवर ‘रेटिंग द्या आणि दिवसाला हजारो कमवा’ असा निरोप आला, तर तो सापळा समजा. पहिले दीड-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात आणि ती गेली की गेलीच. असं झालं तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत पांगतो.

लेखी ऑडिटमध्ये नजर तयार होते. एजन्सीच्या सूचनापत्रात, म्हणजे ब्रीफमध्ये, लिहिलेलं असतं, काय विचारायचं, किती वेळ थांबायचं, कोणती वस्तू बघायची. विक्रेत्याने नमस्कार केला का, गरज विचारली का, किंमत स्पष्ट सांगितली का, बिल दिलं का, हे सगळं लक्षात ठेवून बाहेर आल्यावर लिहायचं. मी बाहेर पडले की आधी मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात सगळं बोलून ठेवते. घरी पोचेपर्यंत अर्धं विसरायला होतं.

व्हिडिओचं काम मिळालं की खरी परीक्षा कपड्यांची असते. बटणातला कॅमेरा छातीच्या उंचीवर असतो, वायर आतून पर्समधल्या रेकॉर्डरपर्यंत जाते. साडीचा पदर किंवा ओढणी सरकली की फुटेजमध्ये नुसतं कापड दिसतं. म्हणून जाड कापडाचा, गडद रंगाचा, बटणांचा कुर्ता घालायचा, ओढणी नको. मंगळसूत्र लांब असेल तर ते लेन्सपुढे हलतं, बांगड्या माइकजवळ वाजतात. विक्रेता उभा असेल तर आपणही उभं राहायचं. खुर्चीत बसलं की समोर टेबलाची कड येते आणि त्याचा चेहरा चौकटीबाहेर जातो. मान वळवा, पण धड त्याच्याकडेच ठेवा. घरातल्या कोणाला तरी काउंटरमागे उभं करून सराव करा आणि फुटेज टीव्हीवर लावून बघा. निघण्याआधी बॅटरी, कार्डातली जागा आणि रेकॉर्डरवरची तारीख-वेळ तपासा. तारीख चुकीची असली तर एजन्सी काम नाकारू शकते. रेकॉर्डिंग दुकानात शिरण्याआधी सुरू करायचं, बाहेर आल्यावर बंद करायचं आणि फाइल जशीच्या तशी पाठवायची. एक सेकंदही कापायचा नाही.

कॅमेरा आपल्या मालेगावला नवा नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केला, तेव्हा फिरत्या शॉटसाठी सायकल वापरणारी माणसं इथलीच. फैजा अहमद खान यांचा माहितीपट आणि २०२५मध्ये प्रदर्शित झालेला रीमा कागती यांचा चित्रपट, दोन्ही त्याच जिद्दीवर उभे आहेत. पण त्यांच्या कॅमेऱ्यापुढे उभा असलेला प्रत्येक जण हौसेने उभा होता. आमच्यापुढचा माणूस तसा नसतो, आणि माझ्या मते या कामातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच.

समोरचा पोरगा तुटपुंज्या पगारावर दिवसभर उभा असतो. त्याची नोकरी आपल्या फुटेजवर हलू शकते. म्हणून त्याला मुद्दाम चूक करायला लावायचं नाही. ‘बिल नको, काही कमी करा ना’ असं ब्रीफमध्ये नसताना म्हणायचं नाही. मालेगावात शुक्रवारी यंत्रमागांना सुट्टी असते, बाजारात गर्दी उसळते. त्या गर्दीत त्याला आपल्याशी दहा मिनिटं बोलता आलं नाही, तर अहवालात गर्दीही लिहायची. एजन्सीला आधी विचारायचं, कर्मचाऱ्यांनी नोकरीला लागताना अशा चित्रीकरणाला लेखी संमती दिली आहे का? स्पष्ट उत्तर आलं नाही तर काम सोडायचं. इतर ग्राहक, विशेषतः लहान मुलं, मुद्दाम टिपायची नाहीत. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमकडे वळण्याआधी कॅमेरा बंद. कोणाच्याही खाजगी अंगाचं चित्रण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

“पण स्टिंगवाले तर सर्रास करतात,” असं मला ऐकवलं जातं. ते काम वेगळं. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भवती बायांच्या मदतीने सोनोग्राफी केंद्रांतलं लिंगनिदान उघड केलं. त्या बायांनी घेतलेला धोका फार मोठा होता. २०२५चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार देशपांडे यांना मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. २०१३च्या मार्चमध्ये कोब्रापोस्टने तीन मोठ्या खाजगी बँकांतलं छुपं चित्रण दाखवलं आणि जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने तिघींना मिळून साडेदहा कोटींचा दंड ठोठावला. तिथे गुन्हा किंवा नियमभंग शोधायचा होता. आम्हाला मालकाने सेवा बघायला पाठवलेलं असतं. आपल्याच मनाने गुन्हे शोधत हिंडण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

गावातच काम करायचं म्हटलं तर वेगळी अडचण. मोसम पुलापासून कॅम्पापर्यंत कुठेही शिरले की “या ताई, भाऊ कसे आहेत?” होतं. ओळखीच्या दुकानाचं ऑडिट घ्यायचंच नाही, एजन्सीला तसं कळवायचं. मी धुळे, मनमाड, नाशिकची कामं घेते आणि एसटीने जाते. आधी विचारायचं, प्रवासखर्च देणार का? बरेचदा देत नाहीत. लेखी ऑडिटला काही शे रुपये मिळतात, व्हिडिओला त्याहून जास्त, आणि खरेदी करायला लावली असेल तर बिल दाखवून ती रक्कम परत मिळते. पैसे यायला महिना-दोन महिने सहज लागतात. टीडीएस कापला तर विवरणपत्र भरून त्याचा हिशेब करता येतो. घरखर्च यावर चालत नाही, मुलांच्या क्लासची फी निघते.

म्हणून पहिलं काम जवळचं, लेखी आणि कमी खरेदीचं घ्या. भाडं, वेळ आणि मोबाइल डेटा वजा करून हाती काय उरतं ते वहीत मांडा. व्हिडिओची फाइल काही जीबींची असते, ती घरच्या वायफायवरून रात्री पाठवलेली बरी. अहवाल मंजूर होईपर्यंत फुटेज जपून ठेवा, कोणालाही, अगदी नवऱ्यालाही गंमत म्हणून दाखवू नका, आणि मंजुरीचा मेल आला की रेकॉर्डरमधून, फोनमधून, सगळीकडून पुसून टाका.