डिलिव्हरीसाठी ५ स्कूटर घेताय? आधी किलोमीटरमागचा खर्च काढा!

डबे, पार्सल पोहोचवण्याचा धंदा सुरू करणारे मित्र मला विचारतात, "पेट्रोल घेऊ की इलेक्ट्रिक?" मी उलट विचारतो, "गाडी दिवसाला किती पळणार?" कारण खरं उत्तर तिथेच आहे.

टीसीओ म्हणजे काय?

टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप. गाडी घेतल्यापासून विकेपर्यंतचा सगळा खर्च:

किंमत + इंधन + देखभाल + विमा + कर्जाचं व्याज − विकताना मिळणारे पैसे

चला, गणित करूया

रोज १०० किमी, महिन्याला २५ दिवस. म्हणजे ३ वर्षांत ९०,००० किमी. सोपं व्हावं म्हणून विमा आणि व्याज सोडलंय. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या शहरातले टाका.

- पेट्रोल: किंमत ९५,०००, इंधन २,१०,००० (४५ चं मायलेज, १०५ रुपये लिटर), देखभाल ३६,०००, विकून ३५,००० परत. एकूण ३,०६,००० रुपये. किमीला ३.४० रुपये.
- इलेक्ट्रिक: किंमत १,३०,०००, वीज ३०,००० (युनिटला ३० किमी, १० रुपये दर), देखभाल १८,०००, नवी बॅटरी ६०,०००, विकून २५,००० परत. एकूण २,१३,००० रुपये. किमीला साधारण २.३७ रुपये.

बॅटरी का धरली? वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर, दोन्हींत असते. जे आधी संपेल ते. डिलिव्हरीत किलोमीटरच आधी संपतात.

आता तीच गाडी रोज फक्त २० किमी चालवा. ३ वर्षांत इंधनावर वाचतात ३६,००० रुपये आणि इलेक्ट्रिक घेताना जास्त मोजलेत ३५,०००. म्हणजे फरक जेमतेम भरून निघाला. मध्येच बॅटरी गेली तर तोटाच!

हे विसरू नका

- गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की त्या दिवसाच्या ऑर्डरी गेल्या, हप्ता मात्र चालूच. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघा.
- ५ गाड्या एकदम चार्जिंगला लावायच्या तर वीजजोडणीचा मंजूर भार पुरतो का? दर घरगुती की व्यावसायिक?

मोबाईलवर करता येईल असं काम

सध्याच्या गाडीच्या किलोमीटर रीडिंगचा रोज रात्री फोटो काढा, महिनाभर आकडे गुगल शीट्समध्ये भरा. मगच शोरूमला जा. एका गाडीत किमीला एक रुपया चुकला, तर ५ गाड्यांत ३ वर्षांत साडेचार लाख जातात!