फिन्सेनचा दिवा

मुरुमांसाठी निळ्या दिव्याखाली वीस मिनिटे डोळे झाकून पडणेही ज्यांना जिवावर येते, त्यांनी कोपनहेगनमधील त्या रुग्णांचे स्मरण करावे, ज्यांच्या चेहऱ्यावरील त्वचाक्षयावर नील्स फिन्सेन याने 1895 पासून कार्बन-आर्क दिव्याच्या केंद्रित किरणांचा प्रयोग चालविला. रोज सुमारे तासभर, आणि असे कित्येक महिने, रुग्ण निश्चल पडून राही; परिचारिका स्फटिकाचे भिंग त्वचेवर दाबून धरी, कारण तेथील रक्त बाजूस सारल्यावाचून किरण खोल पोहोचत नसत. मग त्या जागी लाली, सूज, प्रसंगी फोड, आणि कालांतराने मऊसा व्रण. विद्रूपतेपायी चारचौघांतून जवळजवळ बेदखल झालेल्यांना हा सौदा मंजूर होता, यात नवल ते काय! 1903 चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा फिन्सेन स्वतः व्याधिजर्जर होता. पुढल्याच वर्षी तो निवर्तला.

अतिनील किरणच जंतू मारतात, अशी त्याची धारणा होती. परंतु त्याच्या उपकरणातून तीव्र अतिनील किरण पार होतच नसत, असे शतकानंतरच्या तपासणीत दिसले, आणि जंतूंतील पॉर्फिरिन द्रव्यावर निळसर-जांभळ्या प्रकाशाची क्रिया होऊन ते मरत असावेत, असा कयास निघाला. मुरुमांवरील सुमारे 415 नॅनोमीटरचा निळा प्रकाशही याच द्रव्यावर काम करतो.