विश्लेषण : गाडीत लॅपटॉप, समोर जीपीएस... पण ‘सरावली’ नेमकी कुठली?

मोबाइलच्या नकाशात ‘सरावली एमआयडीसी’ एवढेच लिहून पाहा. आपल्याला हवी असते बोईसरला लागून असलेली, तारापूर औद्योगिक वसाहतीतली सरावली. पण भिवंडी तालुक्यात, कल्याण-भिवंडी पट्ट्यातही एक सरावली आहे आणि तिथेही एमआयडीसी आहे. दोन्हींमध्ये सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर, रस्त्याने त्याहून बरेच जास्त. ‘तारापूर’ लिहिले तरी सुटका नाही. तारापूर एमआयडीसी बोईसरला, तारापूर गाव समुद्राच्या बाजूला वेगळे, आणि गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यात आणखी एक तारापूर! माल भरून निघालेल्या चालकाने घाईत यादीतले पहिले नाव दाबले, की पुढचे सगळे यंत्र अचूक चालते आणि त्याला अचूकपणे चुकीच्या गावी नेऊन सोडते.

गाडीत लॅपटॉप, जीपीएस, ट्रॅकर बसवण्याचा खर्च आता छोटे वाहतूकदारही करू लागले आहेत. म्हणूनच या यंत्रांना काय कळते, काय कळत नाही आणि ती नीट बसवायची कशी, हे पाहू.

जीपीएसला काय कळते?

फक्त एकच गोष्ट : आपण आत्ता कुठे आहोत. जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत फिरत असतात. ती वेळ आपल्यापर्यंत पोहोचायला किती उशीर झाला, यावरून उपग्रहाचे अंतर कळते. किमान चार उपग्रह दिसले, की जागा ठरते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ती थांबवल्यावरच गाडीत जीपीएस वापरणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो.

आपली ‘नाविक’ प्रणालीही आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. नव्या पिढीतला एनव्हीएस-०१ हा २९ मे २०२३ रोजी यशस्वी झाला, पण जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. त्यामुळे सध्या तरी आपले मोबाइल जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ असे जे मिळेल ते एकत्र वापरतात.

रस्ता मात्र जीपीएसला माहीत नसतो. रस्ता नकाशाला माहीत असतो. आणि कुठे जायचे, हे फक्त आपल्याला. गफलत होते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या ठिकाणी.

रेंज नसेल तर जीपीएस बंद पडते का?

नाही. हा सर्वात पसरलेला गैरसमज. उपग्रहाचा संकेत घ्यायला सिमकार्डही लागत नाही, इंटरनेटही नाही. जव्हार-मोखाड्याच्या घाटात रेंज गेली, की गायब होतो तो नकाशा. निळा ठिपका नव्हे. म्हणून निघण्याआधी घरच्या वाय-फायवर पालघर, ठाणे, नाशिक एवढा भाग ‘ऑफलाइन’ उतरवून ठेवावा. ‘ऑरगॅनिक मॅप्स’, ‘ऑसमँड’ ही ॲप संपूर्ण राज्याचा नकाशा मोबाइलमध्ये ठेवून विनाइंटरनेट मार्ग काढतात. वाहतूक कोंडीची माहिती मात्र तेव्हा मिळणार नाही.

लॅपटॉप कशासाठी, आणि त्याला जीपीएस असते का?

नुसता रस्ता पाहायचा असेल तर लॅपटॉपची काही गरज नाही. मोबाइल पुरे. पण मोबाइल नेटवर्कची तपासणी करणारे, रस्ते-वीजवाहिन्यांचे सर्वेक्षण करणारे, किंवा चालत्या गाडीतच मालाची कागदपत्रे तयार करणारे लॅपटॉप घेऊनच फिरतात.

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतेच. ते आसपासच्या वाय-फायवरून किंवा इंटरनेटच्या पत्त्यावरून जागेचा अंदाज बांधतात. मोबाइलचे हॉटस्पॉट जोडून महामार्गावर धावत असाल, तर हा अंदाज मुंबईतही जाऊन बसू शकतो. उपाय म्हणजे यूएसबीला जोडायचा छोटा रिसीव्हर. या धंद्यातले लोक त्याला ‘जीपीएस माऊस’ म्हणतात. तो जोडल्यावर लॅपटॉपमध्ये एक ‘कॉम पोर्ट’ तयार होतो. तो क्रमांक आणि वेग, बहुधा ४८०० किंवा ९६००, सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. ‘क्यूजीआयएस’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. मात्र माऊस जोडला म्हणजे ब्राउजरमधला नकाशाही त्याचे ऐकेल, असे नाही. विंडोजची ‘लोकेशन’ सेवा असा रिसीव्हर आपोआप ओळखतेच असे नसल्याने अनेक जण इथे तासभर डोके आपटतात.

माऊस ठेवावा छतावर किंवा पुढच्या काचेखाली. काचेवर धातूचा अंश असलेली सनकंट्रोल फिल्म असेल, तर संकेत अडतो. काही स्वस्त डॅशकॅमही शेजारी ठेवल्यास संकेतात गोंधळ घालतात. पहिल्यांदा सुरू करताना गाडी मोकळ्या जागी दोन-चार मिनिटे उभी ठेवावी. शेडच्या पत्र्याखाली उभे राहून ‘जीपीएस लागत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

वीज कुठून घ्यायची?

इथे खरे नुकसान होते. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. साधा लॅपटॉप ६५ वॅट घेतो, म्हणजे तूट धरून साधारण सहा अँपिअर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर बहुधा १२० वॅटची मर्यादा लिहिलेली असते. तेवढ्यात हे बसते. गेमिंगचा दोनशे वॅटचा लॅपटॉप बसत नाही, फ्यूज उडतो. इन्व्हर्टर लावून १२ व्होल्टचे २३० करायचे आणि लॅपटॉपच्या चार्जरने पुन्हा १९ करायचे, यात वीज उगाच वाया जाते. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल, तर ६५ किंवा १०० वॅटचा चांगला कार चार्जर सर्वात सोपा.

इंजिन बंद ठेवून काम केले तर छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत अर्धी उतरते. नंतर सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज.

ट्रक-टँकरचे गणित वेगळे आहे. मोठ्या गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मोटारीतला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर तिथे लावला, की जळालाच. यावरचा ‘जुगाड’ म्हणजे दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढणे. काही दिवस चालते. मग एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन्ही जातात. दोन मोठ्या बॅटऱ्यांच्या किमतीपुढे २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर फारच स्वस्त आहे. वायर थेट बॅटरीवरून घेणार असाल, तर फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, लॅपटॉपच्या जवळ नव्हे. मध्ये कुठे वायर घासून पत्र्याला लागली, तर तोच आग थांबवतो. ज्वलनशील रसायनाच्या टँकरमध्ये तर असली वायरिंग स्वतःच्या हाताने करूच नये.

लॅपटॉप ठेवायचा कुठे?

शेजारच्या सीटवर सुटा तर नाहीच. ताशी ६० किलोमीटर वेगातल्या गाडीत दोन किलोचा लॅपटॉप सुटा असेल आणि गाडी धडकली, तर तो चार मजल्यांवरून पडल्याच्या जोराने समोरच्यावर आदळतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरील दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी थांबते, आतले सुटे काही थांबत नाही. हे माणसाला लागू तसेच वस्तूला.

म्हणून सीटच्या बोल्टला कसला जाणारा स्टँड वापरावा आणि तो एअरबॅग उघडण्याच्या वाटेत येऊ नये. डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावलेला मोबाइल-स्टँड मे महिन्यात उन्हाने सुटतो, हा अनुभव अनेकांचा असेल. उभ्या गाडीत उन्हात लॅपटॉप ठेवून जाऊ नये, बॅटरी फुगते.

कायदा काय म्हणतो? १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना हातातले उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशाच पद्धतीने वापरता येते. चालत्या गाडीत लॅपटॉप चालवायचा तो शेजारी बसलेल्याने.

टँकरमधला ट्रॅकर आणि हे एकच का?

नाही. घातक माल वाहणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटातील वाहनांना ‘व्हेइकल लोकेशन ट्रॅकिंग डिव्हाइस’ सक्तीचे करण्यात आले. नव्या मॉडेलसाठी १ सप्टेंबर २०२२, तर आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलच्या नव्या गाड्यांसाठी १ जानेवारी २०२३ ही तारीख होती. तारापूरसारख्या रासायनिक वसाहतीत त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण हे यंत्र गाडी कुठे आहे ते नियंत्रण कक्षाला सांगते. चालकाला ‘पुढे डावीकडे वळा’ सांगत नाही. ‘आमच्या गाडीत जीपीएस आहे’ म्हणणाऱ्या मालकाच्या चालकाला मात्र चिल्हार फाट्यावर उतरून रस्ता विचारावा लागतो, तो यामुळे.

शिवाय मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे गाडीची उंची-वजन विचारत नाहीत. मोटारीला जवळचा म्हणून दाखवलेला गावातला रस्ता टँकरला जवळचा नसतो.

नकाशावर किती विसंबायचे?

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशा पाहत निघालेली मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. नकाशावर पूल होता. तो पाण्याखाली जातो, हे स्थानिकांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले. पालघर जिल्ह्यातही पावसाळ्यात बुडणारे कमी उंचीचे पूल आहेत. जुलैमध्ये रात्री आडवाटेने ‘दहा मिनिटे वाचतील’ असे मोबाइल सांगत असेल, तर ती दहा मिनिटे सोडून द्यावीत.

मग पत्ता द्यायचा कसा?

नावाने नव्हे, आकड्यांनी. सातपाटी-डहाणूच्या मच्छीमारांना हे सांगावे लागत नाही; समुद्रात कुठल्या पाटीवर नाव लिहिलेले नसते, बोटीवरच्या यंत्रात जागा अक्षांश-रेखांशानेच साठवतात. बोईसर परिसर ढोबळमानाने १९.८० उत्तर, ७२.७५ पूर्व. दशांशानंतर पाच आकडे दिले, की जागा मीटरभराच्या आत येते.

दोन चुका नेहमी होतात. आकड्यांचा क्रम उलटला, तर बोईसर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाते. हसू येईल, पण ही चूक लगेच कळते तरी. दुसरी जास्त फसवी : १९ अंश ४८ मिनिटे, ७२ अंश ४५ मिनिटे हे कुणी १९.४८, ७२.४५ असे भरले, तर ठिपका विरारच्या पश्चिमेला अरबी समुद्रात पडतो. अंशाच्या साठ मिनिटांचे दशांश करताना ४८ ला ६० ने भागायचे असते.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजीपिन’ आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासोबत केलेल्या या पद्धतीत देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले असून, प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेतांक आहे. फोनवर सांगायला तो अक्षांश-रेखांशापेक्षा सोपा. तो नाही जमला, तर निदान पिनकोड बघा : बोईसरकडचा ४०१ ने सुरू होतो, भिवंडीकडचा ४२१ ने.

हे केवळ मालासाठी नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर वसाहतीत कोळवडे येथील कारखान्यात स्फोट झाला आणि आठ जणांचा जीव गेला. अशा वेळी ‘एमआयडीसीत, त्या मोठ्या टाकीजवळ’ हा पत्ता बाहेरून येणाऱ्या बंबाला किंवा रुग्णवाहिकेला पुरत नाही. कारखान्यांनी आपला पिन प्लॉटच्या मधोमध नव्हे, तर गाडी आत घेता येईल त्या गेटवर टाकायला हवा. मागचे गेट कायम कुलूपबंद असेल, तर ठिपका तिकडे नको.

त्यासाठी गेटवर उघड्यावर उभे राहा, निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा, मग आकडे किंवा डिजीपिन लिहून घ्या. गावाबाहेरच्या एखाद्याला फोनवर ते वाचून दाखवा आणि त्याच्या नकाशात काय दिसते ते विचारा. त्याला तुमचेच गेट दिसले, तर ते आकडे सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये टेलिफोनशेजारी मोठ्या अक्षरांत लावा.